दांडा सुटेना

आमचे दुकान ठाण्याला मानपाड्यात आहे. पाण्याच्या मोटारी, पंप, पाइप आणि त्यांचे सुटे भाग असा आमचा व्यवसाय. बाबांनी दुकान सुरू केले तेव्हा पायरीवर उभे राहिले की येऊरचा डोंगर सरळ समोर दिसे. आता उंच इमारती आणि घोडबंदर रस्त्यावरील मेट्रोचे खांब यांच्या मधल्या फटींतून तो तुकड्या-तुकड्यांनी दिसतो. आमचे निम्मे ग्राहक शहरातील गृहसंकुलांचे, आणि निम्मे मुरबाड-शहापूर तालुक्यांतील गावांचे. या दुसऱ्या निम्म्या ग्राहकांसाठी तीन वर्षांपूर्वी आम्ही चारही चाकांना जोर पोहोचवणारी एक जुनी पिकअप गाडी घेतली. पावसाळ्यात गावाच्या विहिरीपर्यंत डांबरी रस्ता जाईलच असे नसते, आणि दीडशे किलोची मोटर चिखलातून खांद्यावर नेता येत नाही.

गाडी कोणत्या कंपनीची होती हे सांगण्याचे कारण नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. दोष कोणाचा होता, हे मला कळायला मात्र आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांचा हा हिशेब आहे.

आमच्याकडे गाडी चालवणारे काका मूळचे मुरबाडकडचे. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांनी कित्येक वर्षे त्या भागात प्रवासी जीप चालवली होती. बोलणे कमी. बाबांना ते ‘मोठे शेठ’ म्हणत आणि मला नुसते ‘शेठ’.

मागील वर्षी जुलैमध्ये टोकावड्याच्या पुढील एका गावाची नळपाणी योजनेची मोटर जळाली. गावाला दोन दिवस पाणी नव्हते. काका सकाळी नवी मोटर घेऊन निघाले. विहिरीकडे जाणारी वाट चिखलाने भरलेली होती. त्यांनी दांडा ओढून चारही चाके जोडली, मोटर पोहोचवली, बसवून देणाऱ्यांना मदत केली आणि संध्याकाळी परतीला लागले. रात्री नऊच्या सुमारास गाडी मानपाड्याच्या उड्डाणपुलाखालून वळून सेवा रस्त्यावर आली, तेव्हा मी दुकान बंद करून बाहेरच उभा होतो. गाडी वळताना टायर किंचाळत होते. वळणात ती दर हात-दीड हातावर उसळी घेत होती, जणू चाकांखाली कोणी विटा ठेवल्या आहेत. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होते. डॅशबोर्डवर चारचाकी जोराचा दिवा पेटलेला होता.

मी गाडीत बसून दांडा ओढून पाहिला. तो तसूभर हलला नाही. 

“काका, चारचाकीवर ठाण्यापर्यंत गाडी आणलीत? एवढी वर्षे गाडी चालवता, आणि हे कळत नाही?”

“शेठ, गाडीला पीळ बसलाय,” ते म्हणाले. “सकाळी मैदानात नेऊन—”

“आता काही नेऊ नका. जे मोडायचे ते मोडलेच आहे.” मी गाडीची किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि खिशात टाकली. समोर दुकानातील दोन मुले उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी एका गॅरेजमध्ये नेली. दांडा सुटत नाही, एवढेच मी तेथे सांगितले. गाडी कुठून आली, दांडा कधी टाकला, टायर कोणते आहेत, यांतले काही मी सांगितले नाही, कारण मला ते महत्त्वाचे वाटले नव्हते. तेथील माणसाने दांड्याला जोर लावून पाहिला आणि ट्रान्स्फर केस उतरवून उघडावी लागेल असा निदानाचा आणि खर्चाचा आकडा दिला : बेचाळीस हजार. त्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. अर्धी हकीकत सांगून कोणी उपाय विचारला, तर अर्धाच उपाय मिळतो.

त्या संध्याकाळी मी वहीत काकांच्या खात्यावर एकवीस हजार नावे लिहिले. दरमहा दोन हजार पगारातून कापायचे, असे ठरवले. निम्मा खर्च दुकान सोसत आहे, म्हणजे मी उदारच आहे, अशी माझी समजूत होती. काकांना सांगितले तेव्हा ते “बरं” एवढेच म्हणाले. बाबांनी मात्र वहीतील ती ओळ पाहिली आणि विचारले, “पावती कुठे आहे?”

“काम अजून झालेले नाही.”

“काम झालेले नाही, बिल आलेले नाही, आणि माणसाच्या नावे रक्कम पडली?” बाबा आणखी काही बोलले नाहीत. त्यांनी बापगाव रस्त्यावरच्या त्यांच्या जुन्या ओळखीच्या एका मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री आता स्वतः काम करत नाहीत, मुलगा करतो. पण रविवारी सकाळी ते आले.

मिस्त्रींनी गाडीला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले. दांडा कोठे टाकला? चिखलात किती चालली? डांबरावर किती चालली? मुरबाडला पाऊस होता, मग भिवंडी बायपासला रस्ता ओला होता की कोरडा? टायर कधी बदलले? चारही बदलले की दोन? या प्रश्नांची उत्तरे काका देत होते. मी फक्त शेवटच्या प्रश्नाचे दिले. जूनमध्ये दोन टायर नवे घेतले होते. माल मागे असतो, वजन मागे पडते, म्हणून मागचे दोन बदलले आणि पुढचे आणखी वर्षभर चालतील असे ठरवले. त्यात सोळा-सतरा हजार वाचले होते आणि मला त्याचा अभिमान होता. मिस्त्रींनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळले नाही.

मग त्यांनी मला जे समजावले, ते मी येथे माझ्या शब्दांत मांडतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज अशा गाड्या आहेत. कोणी शेतघरासाठी घेतल्या, कोणी मालासाठी, आणि बहुतेकांनी दिसायला रुबाबदार म्हणून. दांडा किंवा बटण कशासाठी आहे हे आपल्याला माहीत असते; ते केव्हा काढायचे हे क्वचितच माहीत असते.

गाडी वळते तेव्हा तिची चारही चाके वेगवेगळ्या लांबीच्या वाटेने जातात. बाहेरचे चाक जास्त चालते, आतले कमी. एकाच आसावर घट्ट बसवलेली दोन चाके असे वेगवेगळे चालू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या मध्ये डिफरन्शिअल नावाची दातेरी चक्रांची योजना असते. ती जोर दोघांना देते, पण कमी-जास्त फिरण्याची मोकळीकही देते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी या योजनेचे पेटंट घेतले होते. आजच्या बहुतेक मोटारींत तिचे रूप सापडते.

फरक जसा डाव्या-उजव्या चाकांत पडतो, तसा पुढच्या-मागच्या चाकांतही पडतो. पुढची चाके नेहमी मोठ्या वर्तुळाने वळतात. आमच्या गाडीच्या दोन आसांतील अंतर साधारण तीन मीटर. मागचा आस सहा मीटर त्रिज्येने काटकोनात वळला, तर तो सुमारे ९.४ मीटर चालतो. तेवढ्यातच पुढचा आस सुमारे १०.५ मीटर चालतो. एका वळणात एक मीटरहून अधिक फरक, म्हणजे जवळजवळ चाकाची अर्धी फेरी.

गाडी नेहमीप्रमाणे दोन चाकांवर चालत असते तेव्हा याने काही बिघडत नाही, कारण पुढची चाके मोकळी फिरतात. दांडा टाकला की गिअरबॉक्समागील ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांस घट्ट जोडते. आमच्यासारख्या साध्या गाड्यांत या दोन शाफ्टांच्या मध्ये डिफरन्शिअल नसते. पुढे आणि मागे सारख्याच फेऱ्या झाल्या पाहिजेत, अशी सक्ती होते. चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर ही सक्ती निभते, कारण चाक थोडे घसरते आणि फरक तेथल्या तेथे मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग फरक जातो कोठे? तो शाफ्टांत पीळ होऊन साठतो. दोघी जणी ओले लुगडे दोन टोकांना धरून पिळतात, तसे पुढचा आस एकीकडे ओढतो आणि मागचा दुसरीकडे. पीळ वाढला की स्टिअरिंग जड होते, टायर किंचाळतात, आणि एखादे चाक उसळी मारून थोडा पीळ सोडवून घेते. त्याच उसळ्या मी पुलाखाली पाहिल्या होत्या. आणि ट्रान्स्फर केसमधील ज्या दातेरी कड्याने दोन शाफ्ट जोडलेले असतात, ते कडे या ताणाखाली आवळले जाते. दांडा ओढला तरी ते सरकत नाही. दांडा मोडलेला नसतो, कडेही मोडलेले नसते. त्याच्यावरचा भार उतरला नाही, तोवर ते जागा सोडत नाही.

ही अडचण नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातील जीपला असाच दांडा होता, आणि तिच्या डॅशबोर्डवरील धातूच्या पट्टीवर कोरड्या, कठीण रस्त्यावर पुढचा जोर काढून टाकण्याची सूचना असे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक दशके महाराष्ट्राच्या डोंगराळ तालुक्यांत ‘जीप’ हाच अशा गाडीचा समानार्थी शब्द झाला. त्या जीप चालवणाऱ्यांनी ही सूचना पुस्तकातून नव्हे, हातातून शिकली. आमच्या गाडीची पुस्तिका तर पहिल्या मालकाने दिली तशीच प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात होती. मी ती कधी उघडली नव्हती.

“आता काढूया पीळ,” मिस्त्री म्हणाले. “पण मी नाही काढणार. त्यांना किल्ली द्या.”

मी काकांना किल्ली दिली. जवळच्या एका मोकळ्या, चिखलट मैदानात गाडी नेली. काकांनी चाके सरळ केली, गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली, एक हात दांड्यावर अगदी हलका ठेवला आणि गाडी हळूहळू सरळ मागे घेऊ लागले. सात-आठ मीटर गेल्यावर खालून ‘टक्’ असा आवाज आला आणि दांडा आपण होऊन मागे आला. चार दिवस जो दांडा माझ्या दोन्ही हातांना हलला नव्हता, तो दोन बोटांनी सुटला. दिवा विझला.

मागे घेतल्याने हे का होते, तेही मिस्त्रींनी सांगितले. पुढे जाताना जो फरक साठला, तोच मागे जाताना उलट दिशेने पडतो. पीळ कमी होत होत शून्यावर येतो, आणि त्या क्षणी कडे मोकळे होते. तोच क्षण पकडायचा. त्यापुढेही मागे जात राहिले, तर उलट बाजूचा पीळ बसू लागतो. म्हणून गाडी हळू घ्यायची, थोडीच घ्यायची, आणि दांड्यावर जोर न लावता हात ठेवून वाट पाहायची.

गोष्ट येथे संपली असती, पण मिस्त्रींनी संपू दिली नाही. “उत्तर मिळाले, कारण राहिले,” ते म्हणाले. “मुरबाडच्या रस्त्याला एवढी वळणे कुठे आहेत? आणि डावीकडच्या वळणाचा पीळ आणि उजवीकडच्या वळणाचा पीळ, दोन्ही एकाच बाजूचे. तरी सरळ रस्त्यावर एवढा ताठा कशाने आला?” त्यांनी दुकानातील मोजपट्टी मागवली आणि टायरांचा घेर मोजायला लावला. मागच्या नव्या टायरांचा घेर २ मीटर २६ सेंटीमीटर. पुढच्या झिजलेल्यांचा २ मीटर २२. फरक चार सेंटीमीटर. मला तो किरकोळ वाटला.

“तुम्ही व्यापारी ना? मग गुणाकार करा.”

मी केला. एक किलोमीटर जाण्यास मागच्या चाकाला सुमारे ४४२ फेऱ्या लागतात, पुढच्याला सुमारे ४५०. म्हणजे रस्ता अगदी सरळ असला, तरी दर किलोमीटरला आठ फेऱ्यांचा फरक. दांडा टाकलेला असताना दोघांना सारखेच फिरावे लागते, तेव्हा हा फरक कोठेतरी भरावाच लागतो : टायर झिजवून, नाहीतर शाफ्ट पिळून. वळणांमुळेही पुढच्या चाकाला अधिक फेऱ्या हव्या असतात, झिजलेल्या टायरमुळेही. दोन्ही नावे एकाच बाजूला पडत होती. दररोजचा किरकोळ तोटा महिन्याच्या ताळेबंदात केवढा होतो, हे मी मुलांना दुकानात शिकवतो. टायरांच्या बाबतीत मी तो धडा विसरलो होतो. चारचाकी गाडीचे चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे, शक्य तेवढे सारखे झिजलेले आणि सारख्या दाबाच्या हवेचे असावेत. दोन टायरांत वाचवलेले पैसे मी ट्रान्स्फर केसच्या नावे टाकले होते, आणि तेथून काकांच्या.

निघताना मिस्त्रींनी सहज विचारले, “पण टोकावड्याहून निघताना दांडा सुटत नाही हे कळले असेल की. तेव्हाच कोणी फोन नाही केला?”

काका खाली पाहत राहिले. मीही काही बोललो नाही. मिस्त्री गेल्यावर मी मोबाइल काढून त्या दिवशीचे फोन पाहिले. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी काकांचा फोन आला होता. दोन मिनिटे बोलणे झाले होते. ते पाहताच सगळे आठवले. दुकानात गिऱ्हाईक होते, दुसऱ्या दिवशी सकाळी भिवंडीला माल पोहोचवायचा होता. काका म्हणाले होते : दांडा सुटत नाही, अर्धा तास द्या, जवळ शेत आहे, मागे-पुढे करून सोडवून घेतो. आणि मी म्हणालो होतो : दांड्याचे उद्या बघू, आधी गाडी आणा. 

ते मी विसरलो होतो असे म्हणणे सोपे आहे. खरे असे की, पुलाखाली त्यांच्यावर आवाज चढवताना ते मला आठवले नाही, कारण आठवणे माझ्या सोयीचे नव्हते. आणि त्यांनीही ते आठवून दिले नाही. दुकानातील मुलांसमोर नाही, पगार कापणार असे सांगितले तेव्हा नाही, मिस्त्रींसमोर नाही. राजनोली नाका, खारेगावचा खाडीपूल, माजिवडा, एवढा सगळा रस्ता त्यांनी ताठलेली गाडी ओढत आणली, ती माझा शब्द पाळण्यासाठी.

या अनुभवातून जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहितो. चारचाकी जोर सुटत नसेल, तर सर्वांत आधी जोर लावणे थांबवा. दांड्याला हातोडा किंवा पाइप लावू नका. इलेक्ट्रिक बटण असेल तर ते पुन्हा पुन्हा दाबू नका. जवळ माती, गवत किंवा खडी पाहा, चाके सरळ करा आणि गाडी हळू मागे घ्या. तेवढ्याने न सुटल्यास सरळ पुढे-मागे दोन-तीनदा करा. बटणाच्या गाड्यांत, विशेषतः कमी वेगाच्या ‘लो’ जोडणीतून बाहेर येताना, गाडी थांबलेली आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा लागतो. तुमच्या गाडीची नेमकी अट पुस्तिकेत लिहिलेली असते. ती पिशवीतून बाहेर काढा.

पीळ निघाला, तरी दिवा विझत नसेल तर दिव्यावर विश्वास ठेवू नका, चाकाला विचारा. सपाट, कठीण जागी हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, पुढचे एक चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले तर जोर सुटला आहे, दोष दिव्याचा किंवा त्याच्या स्विचचा. फिरले नाही तर जोडणी खरोखर अडकली आहे. मात्र गाडीत पीळ असताना जॅक लावू नये. उचललेले चाक एकदम सुटून फिरते, आणि त्या क्षणी हात टायरवर असेल तर बोटे जातात. गाडी कधी जॅकवरून सरकेल तेही सांगता येत नाही. गाडीखाली तर जाऊच नये.

त्यानंतरची तपासणी मिस्त्रीची. पण तिचा क्रम आपल्याला ठाऊक असावा, म्हणजे बेचाळीस हजारांचा आकडा पहिल्याच दिवशी ऐकावा लागत नाही. आधी टायरांचा घेर आणि हवा. मग दांड्यापासून ट्रान्स्फर केसपर्यंतची जोडणी. चिखल आणि गंज यांनी ती अडते. बटणाच्या गाडीत फ्यूज, वायर आणि कडे सरकवणारी छोटी मोटर. काही गाड्यांत हवेच्या पोकळीवर चालणारी नळी असते, ती फाटलेली आहे का. काहींत पुढच्या चाकांच्या मध्यभागी जोडणारे हब असतात, ते अडकले आहेत का. मग ट्रान्स्फर केसमधील तेल, त्याची पातळी आणि त्यात धातूचा कीस. आणि सर्वांत शेवटी ट्रान्स्फर केस उघडणे. स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग आणि अवघड ते शेवटी.

अडकलेल्या अवस्थेत गाडी ओढून न्यायची असेल तर दोन चाके उचलून नेणाऱ्या क्रेनला ती देऊ नका. जमिनीवरची दोन चाके फिरतील आणि उचललेलीही फिरू पाहतील. चारही चाके वर राहतील अशा सपाट ट्रकवरूनच न्यावी. आणि ज्या गाड्या कायम चारही चाकांवर चालण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टांमध्ये मोकळीक देणारी योजना असते. त्यांत नेहमीच्या चालण्यात असा पीळ साठत नाही. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे विकत घेतानाच विचारावे.

सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर मी काकांना आत बोलावले. दुकानातील दोन्ही मुलांनाही बोलावले, कारण त्या रात्री ती तेथे होती. “काका, तुम्ही फोन केला होता. मी ऐकले नाही, आणि दोष तुम्हाला दिला. माझे चुकले,” एवढे म्हणायला मला बराच वेळ लागला. शब्द थोडे होते, पण घशातून ते त्या दांड्यासारखेच सुटत नव्हते. काका म्हणाले, “शेठ, टायर तेवढे दोन आणा.” त्यांच्या मनात काय होते ते मला कळले नाही. विचारण्याचा हक्क मी गमावला होता. ते क्षमा करतील किंवा करणार नाहीत, तो त्यांचा प्रश्न होता. माझा प्रश्न वेगळा होता आणि तो वहीत होता.

मी त्यांच्या नावे लिहिलेली ती ओळ खोडणार होतो. बाबांनी पेन धरले. “खोडायची नाही. वहीत चुकीची नोंद खोडत नाहीत. खोडली की झाली होती हे कळत नाही. उलट नोंद कर, आणि कारण लिही.”

मग मी त्याच पानावर, त्या दिवसाच्या तारखेला, काकांच्या खात्यावर एकवीस हजार जमा लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिले : ‘नोंद चुकीची. दोष दुकानाचा.’ वही काकांपुढे धरली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, ती ओळ सावकाश वाचली, आणि खाली सही केली.

त्या दुपारी पुढचे दोन टायर आणले. बसवण्यापूर्वी काकांनी मोजपट्टी मागितली.